लूर्ड्सला रात्री किती आहेत ते आधी बघा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. आईचं वय ६८, गुडघे दुखतात, बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच ती स्वतःहून कुठेतरी जाऊ म्हणतेय, तुमची वाशीची पॅरिश (चर्चचा समुदाय) फातिमा (पोर्तुगाल)-लूर्ड्स (फ्रान्स)-पादुआ-असिसी-रोम (इटली) अशी बारा दिवसांची तीर्थयात्रा नेतेय, आणि भाऊ म्हणतो की एवढ्या पैशात टूर कंपनीबरोबर पॅरिस-स्वित्झर्लंडसकट अख्खा युरोप बघून होईल. मी ठाण्याची, ह्या जागांना पॅरिशच्या ग्रुपबरोबरच गेलेय आणि नंतर ग्रुप नेताना फादरांच्या हाताखाली कामही केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आईला पाठवा. फक्त पहिला हप्ता भरायच्या आधी आयटिनररी हातात घ्या आणि त्यात देश किती ते बघू नका, कुठे किती रात्री मुक्काम आहे ते बघा. फातिमाला एक पूर्ण रात्र आणि लूर्ड्सला दोन, ह्याच्यापेक्षा कमी असेल तर फादरांना भेटा आणि बदलून मागा, हॉटेलं पक्की व्हायच्या आधी हे बदलता येतं. कारण ह्या दोन्ही जागी जे खरं आहे ते रात्रीच्या जेवणानंतर सुरू होतं, आणि स्वस्तात बसवलेल्या पॅकेजमध्ये नेमकी तीच रात्र कापलेली असते. दुपारी तीनला बस पोचते, ग्रोटो (दर्शनाची गुहा) बघा, फोटो काढा, झऱ्याच्या पाण्याच्या बाटल्या भरा, साडेपाचला परत बसमध्ये, कारण हॉटेल दुसऱ्याच गावात आहे. असं लूर्ड्स करून आलेली माणसं मला भेटलीयत आणि मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटतं, एवढ्या लांब जाऊन दारातून परत आली बिचारी.

लूर्ड्सला साधारण ईस्टरपासून ऑक्टोबरपर्यंत रोज रात्री नऊला मेणबत्त्यांचं प्रोसेशन (मिरवणूक) निघतं. मेणबत्ती घेतली की तिच्याभोवती लावायला कागदाचं कोन मिळतं, वारा लागू नये म्हणून, त्याच्यावर गाण्याच्या ओळी छापलेल्या असतात आणि आतून उजेड आला की त्या वाचता येतात. सगळ्यात पुढे आजारी माणसं, व्हीलचेअरवर, काही तर झोपलेली, त्यांना ढकलणारे स्वयंसेवक स्वतःची सुट्टी घालवून, स्वतःच्या खर्चाने आलेले असतात. मागे बाकीचे सगळे. रोझरीचा, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेचा, एक दशक (दहा मण्यांचा भाग) फ्रेंचमध्ये, पुढचा इटालियनमध्ये, मग स्पॅनिश, इंग्लिश, तमिळसुद्धा ऐकलाय मी, आणि 'आवे मारिया' आलं की हजारो मेणबत्त्या एकदम वर जातात. शेजारी कोण आहे, कुठल्या देशाचं आहे काही माहीत नसतं पण ती बाई आपली विझलेली मेणबत्ती तिच्या मेणबत्तीने पेटवून देते. पुढच्या व्हीलचेअरवाल्यांकडे बघितलं की आपण काय मागायला आलो होतो तेच आठवत नाही. तुमच्या आईसारख्या, नवरा गेल्यावर घरात गप्प झालेल्या बायका तिथे मोकळ्या होताना मी पाहिल्यात, म्हणून एवढ्या आग्रहाने सांगतेय.

आणि प्रोसेशन संपल्यावर लगेच हॉटेलवर पळायचं नाही. गर्दी पांगली की ग्रोटोपाशी जायचं. नदी बाजूलाच वाहते, गाव्ह नाव तिचं, तिचा आवाज तेव्हा नीट ऐकू येतो. गुहेच्या कडेकडेने चालताना सगळे खडकावर हात फिरवतात, दीडशेहून जास्त वर्षं हात लागून लागून तो खडक गुळगुळीत आणि काळा झालाय, काही ठिकाणी ओलसर लागतो. आत डावीकडे काचेखाली झरा दिसतो. ११ फेब्रुवारी १८५८ ला बर्नाडेट नावाची १४ वर्षांची मुलगी सरपण गोळा करायला तिथे आली होती, दम्याची पेशंट, घरची एवढी गरिबी की सगळं कुटुंब एका जुन्या तुरुंगाच्या खोलीत राहायचं. जुलैपर्यंत तिला अठरा वेळा मरियामातेचं दर्शन झालं आणि हा झरा तिने मधल्याच एका दिवशी हाताने चिखल उकरून मोकळा केला, लोक हसले होते तिला. ती तुरुंगाची खोली अजून आहे, गावात चालत जाता येतं. दोन रात्री असतील तरच हे सगळं जमतं, म्हणजे मधला एक अख्खा दिवस मिळतो, संध्याकाळी पाचचं पवित्र साक्रामेंताचं (अभिषिक्त भाकरीचं) प्रोसेशन आणि आजाऱ्यांना आशीर्वाद पण मिळतो. बुधवार किंवा रविवार आला तर जमिनीखालच्या मोठ्या बॅसिलिकात आंतरराष्ट्रीय मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) असते, ती चुकवू नये.

लूर्ड्सच्या झऱ्याच्या पाण्यातल्या स्नानाचं विचारलंयत. पूर्वी थंड पाण्याच्या कुंडात पूर्ण उतरवायचे, कोविडनंतर बहुतेक वेळा हात धुणं, तोंड धुणं आणि ओंजळीने पाणी पिणं एवढंच असतं, स्वयंसेवक बाई आपल्या हातावर पाणी ओतते. आईच्या गुडघ्यांना हेच बरं. पण गुडघे बरे होतील ह्या आशेवर मात्र तिला पाठवू नका, इतक्या वर्षांत चर्चने अधिकृत मान्य केलेले चमत्कार सत्तरच्या थोडेसे वर आहेत, डॉक्टरांची समिती वर्षानुवर्षं कागद तपासते तेव्हा कुठे एक मान्य होतो. बाकी लाखो आजारी तसेच परत जातात, आणि तरी पुढच्या वर्षी पुन्हा येतात.

फातिमाचं पण तसंच, रात्री साडेनऊला दर्शनाच्या छोट्या चॅपेलपाशी रोझरी आणि मग प्रोसेशन. १९१७ मध्ये मे ते ऑक्टोबर मेंढरं चारणाऱ्या तीन मुलांना तिथे मरियामाता दिसली, लुसिया, फ्रान्सिस्को आणि जसिंता. धाकटी दोघं दोन-तीन वर्षांत आजारपणात गेली आणि १३ मे २०१७ ला पोप फ्रान्सिसनी तिथेच त्यांना संत जाहीर केलं, तिघांच्याही कबरी बॅसिलिकात आहेत. तिथे मैदानात एक गुळगुळीत पट्टा आहे, त्याच्यावरून लोक नवस फेडायला गुडघ्यांवर चालत चॅपेलपर्यंत जातात. आईला आत्ताच प्रेमाने सांगून ठेवा की हे करायचं नाही, कारण तिथे गेल्यावर बघून बघून सगळ्यांना वाटतं आपणही करावं, आणि मग पुढचे आठ दिवस पाय सुजलेले. मेणबत्ती लावा म्हणावं. मेणाचे हात-पाय पण मिळतात, आपल्या माउंट मेरीच्या जत्रेत बांद्र्याला मिळतात तसेच, गुडघ्यासाठी पाय घेऊन वाहिला तरी मन भरतं.

आता बसचं, कारण गुडघ्यांचा खरा प्रश्न तिथे आहे. फातिमा ते लूर्ड्स जवळजवळ हजार किलोमीटर. युरोपात ड्रायव्हरला साडेचार तासांनी ४५ मिनिटं थांबावंच लागतं आणि दिवसाला साधारण नऊ तासांच्या वर चालवता येत नाही, तेव्हा मध्ये स्पेनमध्ये एक मुक्काम हवा, आविला किंवा बुर्गोस अशा ठिकाणी. आयटिनररीत तो नसेल आणि 'फातिमाहून लूर्ड्सकडे प्रस्थान, रात्री आगमन' असं एका ओळीत लिहिलं असेल तर विचारा कसं काय. पुढे इटलीला बसने नेतात की विमानाने ते पण विचारा, विमान असेल तर थोडे जास्त पैसे गेलेले बरे. असिसी डोंगरउतारावर आहे, बस खाली थांबते, वर दगडी चढ. रोमला फरसबंदी रस्ते. आईला नवीन बूट घेतलेत तर निदान महिनाभर आधीपासून रोज सागर विहारला घालून फिरवा. आणि व्हीलचेअर लागेल असं वाटत असेल तर लाजू नका, आधी कळवा, लूर्ड्सला व्हीलचेअरवाल्याला सगळ्यात पुढे जागा असते.

पादुआबद्दल एक सांगते जे तुमच्या आईला आवडेल. संत अंतोनी मूळचा लिस्बनचा, तिथे त्याच्या जन्माच्या जागेवर चर्च आहे, तुमचं विमान लिस्बनला उतरणार असेल तर तासभर तिथे थांबायला सांगा. १२३१ साली १३ जूनला तो पादुआजवळ वारला, वर्षभरात संत झाला. कबरीच्या मागच्या दगडाला तळहात लावून लोक उभे राहतात, आजूबाजूला आजाऱ्यांचे, हरवलेल्यांचे, पाळण्यातल्या बाळांचे फोटो लावलेले असतात. संत अंतोनीची मंगळवारची नोव्हेना-प्रार्थना करणाऱ्या माणसाला तिथून हात काढवत नाही. आणि ह्याच पादुआचा जेम्स नावाचा फ्रान्सिस्कन संन्यासी आपल्या ठाण्यात मारला गेला, १३२१ च्या एप्रिलमध्ये, बरोबर टोलेंटिनोचा टॉमस, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा देमेत्रियस. पोर्तुगीज यायच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधीची गोष्ट आहे ही. ठाण्यातल्या आपल्याच कितीतरी लोकांना हे रक्तसाक्षी (श्रद्धेसाठी जीव दिलेले) माहीत नाहीत. आमच्या ग्रुपने पादुआला एक मिस्सा ह्या चौघांच्या नावाने मागितली होती, तुमच्या फादरांनाही सुचवा.

असिसीला संत फ्रान्सिसची कबर, संत क्लाराची, आणि आता कार्लो अकुतिसची, सप्टेंबर २०२५ मध्ये संत झालेला, जीन्स आणि स्पोर्ट्स शूजमधला मुलगा, नातवंडांसाठी त्याचा फोटो आणायला सांगा. रोमला पोपची ऑडियन्स (सार्वजनिक भेट) बुधवारी असते, तिकीट फुकट असतं पण पॅरिशने आधी लिहून मागवावं लागतं, जुलैमध्ये बहुधा बंद असते. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, आपल्या आयांना साडीत किंवा पंजाबी ड्रेसमध्ये काहीच अडचण नाही. वेळ मिळाला तर जेझू चर्चमध्ये नक्की, जुन्या गोव्यात ज्याच्या शवासमोर आपण रांगा लावतो त्या फ्रान्सिस झेवियरचा उजवा हात तिथे आहे, १६१४ साली नेलेला.

भावाच्या मुद्द्याचं. तो चुकीचं बोलत नाहीये, बघण्याच्या हिशोबाने टूर कंपनी जास्त दाखवेल. पण तुमच्या आईने आयफेल टॉवर मागितलेला नाही. पॅरिशच्या यात्रेत रोज मिस्सा असते, बसमध्ये रोझरी होते, कन्फेशनला (पापांची कबुली द्यायला) आपलेच फादर असतात ज्यांच्याशी ती तिच्या भाषेत बोलू शकते, आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बहुतेक तिच्याच वयाच्या बायका, त्यातल्या काही तिच्यासारख्याच एकट्या. तिचं माहेर वसईचं म्हणालात, मग लहानपणापासून मराठी मिस्सा. ग्रुपची मिस्सा रोज इंग्लिशमध्ये होणार असेल तर निदान एक-दोन मराठीत करा असं फादरांना आत्ताच सांगा, गाण्यांच्या झेरॉक्स न्यायला कोणीतरी तयार होतंच. फातिमाला सकाळी लवकर, छोट्या चॅपेलमध्ये, आपल्या वसईच्या चालीवरचं गाणं म्हणताना आमच्या ग्रुपमधल्या म्हाताऱ्या बायकांचे आवाज कसे चढले होते ते मला अजून ऐकू येतं. रूममेट कोण हे पण आधी ठरवून घ्या, शक्यतो पॅरिशमधलीच ओळखीची, रात्री औषध घ्यायची आठवण करणारी.

कागदपत्रांचं थोडक्यात. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच) ज्या देशात रात्री सर्वात जास्त त्या देशाचा काढायचा असतो, तुमच्या यात्रेत बहुधा इटली. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पंधरा दिवसांपेक्षा कमी राहिले तर घेत नाहीत, मेहनत वाचवायची तर तीन महिने आधी अपॉइंटमेंट घ्या, मे महिन्यात स्लॉट मिळत नाहीत. फी ९० युरो, वर सेंटरचा चार्ज. पासपोर्ट परतल्यावर निदान तीन महिने चालणारा आणि दहा वर्षांच्या आत काढलेला हवा. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतोच, पण त्यात आधीपासूनचे आजार धरलेत का ते वाचा, बीपी-शुगर लपवून पॉलिसी घेऊ नका, क्लेमच्या वेळी तेच काढतात. पैशांवर टीसीएस (पॅकेजबरोबर आधीच घेतला जाणारा कर) लागेल, तो आईच्याच पॅनवर पडायला हवा, रिटर्न भरला की हिशोबात मिळतो. गोळ्या पूर्ण दिवसांच्या वर चार दिवसांच्या जास्त, मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, आणि हँडबॅगेत, चेक-इनमध्ये नाही. एकदा आमच्या ग्रुपमधल्या एका काकूंची बॅग दोन दिवस उशिरा आली होती.

शेवटचं, बिल्डिंगमधले आणि पॅरिशमधले सगळे आईकडे चिठ्ठ्या देतील, आमच्यासाठी प्रार्थना करा म्हणून. नाही म्हणू देऊ नका. एक वही करा, नावं लिहून घ्या, ग्रोटोपाशी चिठ्ठ्या टाकायची पेटी आहे. आणि परत येताना सगळ्यांना लूर्ड्सचं पाणी हवं असतं, ते बऱ्याच विमानतळांवर हँडबॅगेत शंभर मिलीच्या वर नेऊ देत नाहीत, म्हणून मोठी बाटली चेक-इनमध्ये, झाकणावर टेप लावून, दोन पिशव्यांत गुंडाळून, वजनाचा हिशोब जाताना घरूनच करून. घरी आल्यावर छोट्या बाटल्यांत वाटता येतं.

आयटिनररी मिळाली की मुक्कामांची गावं आणि रात्री तेवढ्या कळवा, कुठे खेचाखेच आहे ते मी बघून सांगते.