बी प्लस म्हणजे नक्की किती?

प्रश्न : सर, वडगावात आमचे दोन माग आहेत. थोरली मुलगी मराठी माध्यमात आठवी झाली, आता नववीला गेली. प्रगतिपत्रकावर गणिताला ‘बी’ आणि विज्ञानाला ‘बी प्लस’. टीचर म्हणाल्या, काळजी नको, पास आहे. पण घरी एखादं गणित घातलं की पोरगी अडते. मेहुणे चंदगडला असतात. ते म्हणतात, इकडं घाला, महाराष्ट्राचं बोर्ड सोपं. काय करावं?
— एक पालक, वडगाव, बेळगाव

उत्तर : आधी तो ‘बी’ उलगडू. आपल्या कर्नाटकात शंभरपैकी ९० पासून वर ए प्लस, ७० ते ८९ ए, ५० ते ६९ बी प्लस, ३० ते ४९ बी आणि त्याखाली सी. म्हणजे तुमच्या मुलीला गणितात ३१ असतील, नाहीतर ४९. अक्षर एकच. ४९ वाली पोर रोज तासभर बसली तर साठीला पोचते. ३१ वालीची पाचवी-सहावीपासूनची गणितं कच्ची असतात, तिथूनच धरावं लागतं. मी एकतीस वर्षं गणित शिकवलं, ढिगानं ‘बी’ लिहिले. “सर, आकडा किती?” असं विचारायला आलेले पालक मात्र बोटांवर मोजण्याइतके.

आकडा कळला की तो आला कुठून ते विचारा. वर्षात चार एफए (फॉर्मेटिव्ह असेसमेंट, म्हणजे आकारिक मूल्यमापन) आणि दोन एसए (समेटिव्ह असेसमेंट, म्हणजे संकलित मूल्यमापन). एफएत उपक्रम, तक्ते, वही आणि एक छोटी लेखी चाचणी. एसए म्हणजे सरळ लेखी परीक्षा, एक दसऱ्याच्या सुट्टीच्या आसपास, दुसरी वर्षाच्या शेवटी. उपक्रमाला आम्ही मास्तर लोक सढळ हातानं मार्क देतो, हे कबूल करतो. थर्माकोलचा ज्वालामुखी कुणाच्या बापानं रात्री जागून केलाय हे दिसत असतं, तरी देतो. म्हणून एसएचा पेपरच बघायला मागा. शाळेत जाऊन नीट विचारलंत तर दाखवतात.

पेपर हातात आला की बेरीज बघू नका, लाल खुणा बघा. माझ्या वर्गात एक मुलगी होती, नऊ गणितांत चुकलेली. रडकुंडीला आलेली. पेपर घेऊन बसलो तर नऊपैकी सहा ठिकाणी चूक एकच : अ वजा ब या कंसाचा वर्ग ती ‘अ वर्ग वजा ब वर्ग’ असा लिहायची. तिला म्हटलं, अ म्हणजे ५ घे, ब म्हणजे ३. कंस आधी सोडव : २, त्याचा वर्ग ४. आता तुझ्या रीतीनं : २५ वजा ९, म्हणजे १६. ती कागदाकडं बघतच राहिली. नऊ चुका नव्हत्याच, चार होत्या. मागावर सूत तुटलं तर तुम्ही अख्खी साडी उसवत नाही की!

आता चंदगड. सोपं-अवघड हे मेहुण्यांचं ऐकीव आहे. आपल्या कर्नाटक बोर्डाच्या दहावीला पहिली भाषा १२५ मार्कांची, बाकीचे पाच विषय शंभर-शंभर, एकूण ६२५. गणिताचा एकच ८० चा पेपर, २० अंतर्गत. तिकडं बीजगणित आणि भूमिती वेगळे, ४०-४० चे. आपल्या समाज विज्ञानात इतिहास-भूगोलाबरोबर समाजशास्त्र, अर्थशास्त्र, व्यवहार अध्ययनसुद्धा येतं. तिकडची मांडणी निराळी. नववीच्या मधेच नेलंत तर पोरीला दोन्हीकडचं अर्धं-अर्धं मिळेल. शिवाय इतकी वर्षं शिकलेली कन्नड तिथं सुटेल. पुढं पीयूसी (म्हणजे अकरावी-बारावी), नोकरी बेळगावातच करायची असेल तर ती कन्नड लागणार आहे. (मी स्वतः कन्नड बसच्या पाट्या वाचून शिकलो, तेही चाळिशीत. फार लाजिरवाणं होतं.) आणि कोल्हापूरहून आणलेली गाईडं घरात असतील तर बाजूला ठेवा. धडे जुळत नाहीत. आपली सरकारी पुस्तकं मराठीत आहेत, तीच वाचू द्या.

माझं मत विचाराल तर हलवू नका.

प्रश्न : धाकटा आठवीत आहे. त्याला बोर्डाची परीक्षा आहे म्हणतात. खरं का? — तेच पालक

उत्तर : २०२३ मध्ये पाचवी-आठवीला तशी परीक्षा झाली होती. २०२४ मध्ये नववीही त्यात घेतली, प्रकरण न्यायालयात गेलं आणि त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं निकाल रोखले. तेव्हापासून दरवर्षी पावसाळ्यात ही अफवा उगवते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं वेळापत्रक बघून ट्यूशनची फी भरू नका. शाळेच्या फलकावर लागलं तरच खरं. आणि धाकट्याचाही आकडा विचारून घ्या, एकाच फेरीत दोन्ही कामं होतील.