पसरणी घाटातलं धुकं आणि ईएनटीसीचा फॉर्म

वाईहून एका आईचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: ‘मुलगी बारावी सायन्सला आहे. अतिनील किरण हवेत विखरून, समोरचा माणूस आडोशाला असला तरी त्याला निरोप पाठवता येतो, असं तिने कुठेतरी वाचलं आणि आता “मला हेच शिकायचंय” म्हणून हटून बसली आहे. असा कोर्स कुठे असतो? तिचे काका म्हणतात, हे आकाशाला गवसणी घालणं झालं, गपचूप कॉम्प्युटरला टाका. परवा मला विचारत होती, पसरणी घाटात धुकं असताना हे चालेल का? मी काय सांगणार! आमचं मेडिकलचं दुकान आहे. चार-पाच वर्षांत तिने कमवायला लागावं एवढीच अपेक्षा.’

ताई, नमस्कार.

पदवीला ‘अल्ट्राव्हायोलेट कम्युनिकेशन’ या नावाचा कोर्स नसतो आणि नोकरीच्या जाहिरातीतही हे नाव तुम्हाला दिसणार नाही. तेवढ्यापुरतं काकांचं बरोबर आहे. पण घाटाचा तो प्रश्न मी दोनदा वाचला.

पावसाळ्यात घाट चढताना वळणापलीकडची गाडी दिसायच्या आधी तिच्या दिव्यांचा उजेड धुक्यात दिसतो. गाडी अजून डोंगराआड असते, पण उजेड धुक्याच्या थेंबांवर आपटत आपल्यापर्यंत पोचतो. ड्रायव्हरने दोनदा डिपर मारला तर तो न दिसताही आपल्याला कळतं. मुलीने वाचलंय ते हेच. फक्त २०० ते २८० नॅनोमीटरच्या अतिनील किरणांना त्यासाठी धुकं लागत नाही. स्वच्छ हवेचे रेणूच त्यांना लाल प्रकाशाच्या तीसेक पट विखुरतात. शिवाय उन्हातला हा पट्टा वर ओझोनच्या थरातच अडतो, त्यामुळे भर दुपारी बारा वाजताही या किरणांपुरता जमिनीवर काळोख असतो. त्या काळोखात एखादा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण, आला तरी मोजता येतो.

आणि मोजावाच लागतो. शंभर मीटरवर आडोशापलीकडे अब्जावधी फोटॉन सोडावेत तेव्हा एखादा हाती लागतो. म्हणून वेग जेमतेम: शंभरेक मीटरवर सेकंदाला काही हजार बिट. व्हिडिओ कॉल विसरा. अमेरिकेत १९६०च्या दशकापासून यावर काम झालं, पण तेव्हाचे दिवे अवजड आणि वीजखाऊ. २०००नंतर २७४ नॅनोमीटरच्या आसपासचे छोटे एलईडी आले आणि विषयात पुन्हा धुगधुगी आली. रस मुख्यतः लष्कराला, कारण हा प्रकाश फार लांब जात नाही, म्हणजे दूर बसलेल्या शत्रूच्या कानावरही पडत नाही. यावर भारतात पोट भरायचं तर संशोधनातच, आणि जागा मोजक्या.

पण या विषयात तीन निरनिराळी माणसं काम करतात. एकाला हवेत प्रकाशाचं काय होतं ते कळतं, दुसरा एलईडी आणि सेन्सर घडवतो, तिसरा त्या तुटपुंज्या फोटॉनांमधून निरोप वाचतो. मुलीचा ओढा यातला कुठला, हे बघायचं. तिचा प्रश्न पहिल्या माणसाचा आहे. उत्तर असं की विरळ धुकं जवळच्या अंतरावर मदतच करतं, कारण विखुरणारे थेंब वाढतात. दाट धुक्यात अंतर वाढलं की प्रकाश वाटेतच जिरतो. हे तिला सांगा. ती लगेच ‘किती दाट?’ म्हणाली, तर फिजिक्सचा विचार गंभीरपणे करा. पुण्यात आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधनाची संस्था आहे, पण तिथे सीईटीच्या मार्कांवर प्रवेश नाही. आयएटी ही वेगळी परीक्षा, तिचा अर्ज वेगळा भरावा लागतो.

तुमची कमाईची अट धरली तर मात्र मी फॉर्मात ईएनटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशनचं इंजिनिअरिंग, पहिलं लिहीन. सिग्नल, नॉइज, अँटेना, फायबर हे सगळं तिथेच येतं आणि चार वर्षांनी नोकरीचा दरवाजा उघडा राहतो. कॉम्प्युटरला टाकलंत तर उपाशी राहणार नाही, पण हा प्रश्न तिला तिथे कोणी पुन्हा विचारणार नाही. पुढे ओढ टिकलीच तर गेट ही परीक्षा देऊन एमटेक, मग पीएचडी. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं. म्हणजे शिकता शिकताही घरी चार पैसे येतील. एक अट मात्र माझीही: प्रोबॅबिलिटीचा धडा ती ऑप्शनला टाकत असेल तर आत्ताच थांबवा. फोटॉन मोजणं म्हणजे दुसरं काही नाही, तोच धडा.

फॉर्म भरण्याआधी एक रविवार तिला द्या. काचेच्या ग्लासभर पाण्यात थेंब-थेंब दूध टाकायचं, अंधारात एका बाजूने मोबाइलचा टॉर्च धरायचा. कडेने पाहिलं तर पाणी निळसर, समोरून पाहिलं तर टॉर्च पिवळट-तांबूस दिसेल. प्रत्येक थेंबाला काय बदललं ते वहीत लिहायचं. चौथ्या थेंबाला कंटाळली तर राग मानू नका. माझ्याकडे येणारी निम्मी मुलं दुसऱ्यालाच कंटाळतात. आणि दूध टाकायचं सोडून टॉर्चच्या जागी सर्किट जोडायला धावली, तर ईएनटीसीबद्दल माझ्या मनात शंका उरणार नाही.

जंतुनाशक म्हणून विकतात ती यूव्ही-सी, म्हणजे याच अतिनील किरणांची, ट्यूब मात्र तिला आणून देऊ नका, ऑनलाइन कितीही स्वस्त दिसली तरी. तुम्ही मेडिकलवाल्या, तुम्हाला वेगळं सांगायला नको: वेल्डिंगवाला रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय म्हणून थेंब मागायला येतो ना, तेच दुखणं. किरण दिसत नाहीत आणि त्रास काही तासांनी सुरू होतो, म्हणून पोरं बेसावध राहतात.

वहीतली पानं फोटो काढून पाठवा. ती बघून फिजिक्स की ईएनटीसी, ते नक्की करू.