वाणिज्य मंत्रालय सगळ्यांचं मालक नाही हो!

या वेळच्या बऱ्याच प्रश्नांत एकच घोळ आहे, धंद्यात काहीही अडलं की वाणिज्य मंत्रालय.

प्रश्न: भोसरीत छोटं वर्कशॉप आहे, जॉबवर्क करतो. कंपनीने चार महिने पेमेंट लटकवलंय. वाणिज्य मंत्रालयाला लिहू का?

उत्तर: नका लिहू, पत्र फिरत बसेल. हा 2006 च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्याचा मामला, त्यांचं मंत्रालयच वेगळं. लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या वर उधारी चालत नाही, करारच नसेल तर 15 दिवस, नंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे थकलेल्या पेमेंटचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, ऑनलाइन अर्ज करा. पण खरी मेख कागदात आहे, लोक मला व्हॉट्सअॅपवरचं "उद्या टाकतो" दाखवतात, अहो ते ठीक आहे पण डिलिव्हरी चलानाच्या कॉपीवर गेटवरचा इनवर्डचा शिक्का आणि तारीख आहे का, दिवस माल पोचल्यापासून मोजायचे असतात, आणि टेम्पोवाला घाईत शिक्का न घेताच परत येतो. बरं, नुसती ट्रेडिंग करणाऱ्यांना उद्यम मिळतं पण उधारीचं हे संरक्षण नाही.

प्रश्न: कोथरूडला घरी मेतकूट, चटण्या करते. दुबईहून ऑर्डर आलीय, कुठे जाऊ?

उत्तर: काकू, इथे मात्र वाणिज्यच! त्यांच्या हाताखालचं डीजीएफटी, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालय, आयईसी नंबर देतं, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड. पुण्यात ऑफिस आहे पण खेटे घालायची गरज नाही, पॅनवर ऑनलाइन निघतो, फी 500 रुपये. फक्त दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अपडेट करायचा, काही बदललं नसलं तरी. नाहीतर नंबर बंद पडतो आणि ते कळतं कधी, तर पार्सल निघायच्या दिवशी. फूड लायसन्स वेगळं, ते एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, म्हणजे आरोग्य मंत्रालय.

प्रश्न: उद्यमची "सरकारी फी" म्हणून एजंटने 2500 घेतले. बरोबर?

उत्तर: फी शून्य आहे. फॉर्म भरायचे पैसे मागितले असते तर त्याची मेहनत म्हणून सोडून दिलं असतं, पण सरकारी फी सांगून घेतले ना, मग पावती मागाच. त्याचं तोंड बघण्यासारखं होईल.

प्रश्न: स्वारगेटला दुकानात 20 एमआरपीच्या बाटलीचे 25 घेतले, "कूलिंग चार्ज" म्हणे.

उत्तर: असला चार्ज नसतो. बिल घ्या, 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा नाहीतर वैधमापनवाल्यांकडे जा. भाजीवाल्याच्या वजनांवर शिक्का असतो ना, तो मारणारं हेच खातं.