अमेरिकेतल्या खालच्या फुटबॉल लीगमध्ये नोकरी धरण्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

दोन्ही ऑफर वाचल्या. एक क्लब दुसऱ्या डिव्हिजनमधला, बेसबॉलच्या मैदानात खेळणारा, जेमतेम दुसऱ्या हंगामात असलेला. दुसरा तिसऱ्या डिव्हिजनमधला, पण जुना. पगार पहिल्याचा बरा, आणि नावापुढे 'डिव्हिजन टू' लागतं म्हणून तुझा कल तिकडे दिसतो. घाई करू नकोस.

हा आकडा येतो कुठून ते आधी समजून घे. इंग्लंडमध्ये क्लब जिंकून वर जातो नि हरून खाली येतो. अमेरिकेत डिव्हिजन क्लबला मिळत नाही, लीगला मिळते, आणि ती यू.एस. सॉकर फेडरेशन कागदपत्रं तपासून देतं. दुसऱ्या डिव्हिजनसाठी लीगमध्ये सुरुवातीला किमान 8 संघ हवेत, तिसऱ्या वर्षी 10, सहाव्या वर्षी 12. मैदानाची क्षमता 5,000. तीन-चतुर्थांश संघ साडेसात लाख वस्तीच्या महानगरांत असावेत. मुख्य मालकाचा हिस्सा किमान 35 टक्के, आणि राहतं घर वगळून त्याची मालमत्ता 2 कोटी डॉलर. तिसऱ्या डिव्हिजनला क्षमता 1,000 आणि मालमत्ता 1 कोटी डॉलर पुरते. शिवाय प्रत्येक क्लबची हमी-रक्कम ठेवावी लागते, दुसऱ्यात साडेसात लाख डॉलर, तिसऱ्यात अडीच लाख.

हे नियम पुन्हा एकदा वाच. मालकाच्या खिशाबद्दल बरंच काही आहे, क्लब स्वतःच्या कमाईवर चालतो का याबद्दल जवळजवळ काहीच नाही. हमी-रक्कम क्लब बुडाल्यावर देणी भागवायला असते, क्लब वाचवायला नव्हे. टीव्हीचा पैसा या थरात नगण्य. म्हणजे दरवर्षीचा तोटा एक माणूस भरतो, आणि तो कंटाळला, त्याचा दुसरा धंदा बसला किंवा स्टेडियमचं स्वप्न फिसकटलं की क्लब संपतो. संघ चांगला खेळतो की वाईट, याचा त्याच्याशी संबंध नसतो. सॅन फ्रान्सिस्को डेल्टाज हा क्लब 2017 साली एनएएसएलमध्ये, म्हणजे नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगमध्ये, उतरला, नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क कॉसमॉसला अंतिम सामन्यात 2-0 हरवून विजेता झाला आणि लगेच बंद पडला. पहिला हंगाम, पहिला चषक, पहिलीच टाळेबंदी.

एनएएसएलची गोष्ट मुळापासून माहीत असू दे, कारण मुलाखतीत भेटणारी बरीच माणसं त्या पडझडीतून आलेली असतील. 2009 साली नाइकीने यूएसएल (युनायटेड सॉकर लीग) विकली, तेव्हा काही मालक बिनसून बाहेर पडले आणि त्यांनी एनएएसएल काढली. दोन्ही गट दुसरी डिव्हिजन मागू लागले. फेडरेशनने कुणालाच दिली नाही आणि 2010 चा हंगाम 12 संघांना घेऊन स्वतः चालवला. 2011 पासून एनएएसएल दुसरी, यूएसएल तिसरी. मग 2015 साली फिफाच्या भ्रष्टाचार प्रकरणात एनएएसएलचा मोठा आधार असलेली ट्रॅफिक स्पोर्ट्स कंपनीच सापडली. मिनेसोटा एमएलएसमध्ये, म्हणजे सगळ्यांत वरच्या लीगमध्ये, गेला, टँपा बे आणि ओटावा यूएसएलमध्ये. ओक्लाहोमातल्या रायो ओकेसीची अवस्था तर 2016 च्या ऑगस्टमध्ये अशी झाली की एका भागीदाराने मैदानावरचे कृत्रिम गवताचे पट्टेच उचलून नेले. सप्टेंबर 2017 मध्ये फेडरेशनने पुढच्या हंगामासाठी दुसरी डिव्हिजन नाकारली, एनएएसएलने दावा लावला, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये ब्रुकलिनच्या कोर्टात ज्यूरीचा निकाल तिच्याविरुद्ध गेला. तोवर लीग कधीच संपली होती. 2019 ला सुरू झालेल्या निसा या तिसऱ्या डिव्हिजनच्या लीगलाही 2025 साठी मान्यता मिळाली नाही.

आता रिचमंड किकर्स बघ. 1993 चा क्लब. 2006 साली आपणहून एक पायरी खाली उतरला, कारण वरच्या लीगचा प्रवासखर्च परवडेना. 2017 साली फेडरेशनने यूएसएललाही तात्पुरती दुसरी डिव्हिजन दिली आणि रिचमंड जागचा न हलता वर गेला! 2019 ला पुन्हा उतरून यूएसएलच्या नव्या लीग वनमध्ये, म्हणजे तिसऱ्या डिव्हिजनमध्ये, बसला. आजही खेळतोय. त्याच्या उलट रॉचेस्टर ऱ्हायनोज. 1999 साली चार एमएलएस संघांना हरवून यू.एस. ओपन कप (सगळ्या थरांतल्या क्लबांचा बाद पद्धतीचा चषक) जिंकलेला क्लब, एमएलएस सुरू झाल्यापासून तिच्याबाहेरच्या दुसऱ्या कुणालाही हा कप जिंकणं जमलेलं नाही. 2006 ला स्वतःचं मोठं स्टेडियम उभं राहिलं, 2008 पर्यंत मूळ मालकांच्या हातून सगळं गेलं. 2017 नंतर संघ थांबला, 2022 ला एमएलएसच्या खालच्या लीगमध्ये, नेक्स्ट प्रोमध्ये, परतला, आणि मार्च 2023 मध्ये बंद. अंथरूण पाहून पाय पसरले तो क्लब टिकला. मला तरी उतरण्यात कमीपणा वाटत नाही. या देशात तोच शहाणपणा ठरलाय.

म्हणून तुझ्या दोन क्लबांना मी डिव्हिजन विचारणारच नाही. पहिला प्रश्न मैदानाचा. मैदान कुणाचं, करार किती वर्षांचा, आणि सामन्याच्या रात्री पार्किंग, बिअर, खाण्याचे स्टॉल यांतला किती वाटा क्लबला मिळतो? 2025 साली यूएसएल चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे यूएसएलच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, लीगचे 30 सामने होते, म्हणजे घरच्या मैदानावर फक्त 15. वर्षाची बहुतेक कमाई या 15 रात्रींत करायची. त्यात मैदान भाड्याचं असेल तर तिकिटाचे पैसे तुमचे, बाकीचे घरमालकाचे.

बेसबॉलच्या मैदानाचं दुखणं आणखी वेगळं. ट्रिपल-ए बेसबॉलचे (सर्वोच्च लीगच्या खालोखालच्या थराचे) घरचे 75 सामने असतात आणि तारखा आधी तेच घेतात. तुमच्या वाट्याला बुधवार येतो. शनिवारी पोरंबाळं घेऊन येणारं कुटुंब बुधवारी शाळेच्या रात्री येत नाही. शिवाय पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, उभा राहतो तो 10 इंच उंच उंचवटा काढायचा, तांबड्या मातीवर हिरवळीच्या गुंडाळ्या अंथरायच्या, सामना झाला की पुन्हा उलटं. घाईत अंथरलेल्या हिरवळीची मुळं धरलेली नसतात. पावसात शिवणी उकलतात, चेंडू तिथे उडतो आणि खेळाडूचा घोटा मुरगळतो. भेटीला गेलास की बेसबॉलचे बेस असतात त्या भागात चालून बघ आणि बुटाच्या टाचेने शिवण दाबून बघ. सरकली तर मैदान राखायला पुरेशी माणसं ठेवलेली नाहीत, असं समज. लुईव्हिल सिटीने असंच बेसबॉलच्या मैदानातून सुरू करून 2020 ला स्वतःचं स्टेडियम गाठलं. पण न्यू मेक्सिको युनायटेडला उत्तम गर्दी असूनही नोव्हेंबर 2021 मध्ये अल्बुकर्कीच्या मतदारांनी स्टेडियमचे 5 कोटी डॉलरचे रोखे फेटाळले. मेम्फिस 901 तर बेसबॉलच्या मैदानातून बाहेर पडूच शकला नाही. 2024 नंतर फ्रँचायझीचा हक्क विकला गेला, शहरातून संघ गेला. "लवकरच आपलं स्टेडियम होतंय" हे वाक्य ऐकलंस तर विचार, जमीन कुणाच्या नावावर आहे आणि नगरपालिकेचं मतदान झालंय का?

दुसरा प्रश्न माणसांचा. तिकीटविक्रीला किती जण आहेत, आणि गेल्या वर्षीचे किती टिकले? सीझन तिकिटाचं नूतनीकरण किती टक्के? लहान मुलांची अकादमी क्लबच्या ताब्यात आहे का? तिची फी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पगार भागवते.

तिसरी गोष्ट तुझ्या एकट्याची. तू ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावर मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, आहेस. त्यात बेरोजगारीचे एकूण 90 दिवसच मिळतात, सलग नव्हे, सगळे मिळून. क्लब बहुधा हंगाम संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बंद होतात, आणि त्याच वेळी बाकीच्या क्लबांची भरती थंडावलेली असते. पुढे एच-1बी (नोकरीचा व्हिसा) झालाच तर 60 दिवस. आय-20 वरचा (विद्यापीठाने दिलेल्या व्हिसाच्या कागदावरचा) सीआयपी कोड, म्हणजे अभ्यासक्रमाचा क्रमांक, बघून ठेव, क्रीडा व्यवस्थापन बहुतेक वेळा स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांत, ज्यांना ओपीटी वाढवून मिळते) धरत नाहीत. इथल्या सहकाऱ्याची नोकरी गेली तर तो आईवडिलांकडे राहायला जाईल, तुला देश सोडावा लागेल. म्हणून पगारातला फरक मी तराजूत फार जड धरत नाही.

मार्च 2025 मध्ये यूएसएलच्या मालकांनी बढती-घसरणीला मंजुरी दिली, आणि 2027-28 पासून पहिल्या डिव्हिजनची लीग काढायचा बेत त्याच वर्षी जाहीर केला होता. मला हे मनापासून हवंय. पण घसरण आली की खाली गेलेल्या क्लबचे प्रायोजक करार कमी होणार, म्हणून दोन्ही क्लबांना विचार, त्यांच्या प्रायोजक करारात डिव्हिजन बदलण्याचं कलम आहे का. उत्तर देणारा गडबडला, तर अजून कुणी तो विचारच केलेला नाही.

सही करण्याआधी दोन्ही करारांतलं काम थांबवण्याचं कलम मला पाठव. पगार क्लबच्या नावाने निघतो की मालकाच्या दुसऱ्या कंपनीच्या नावाने, तेही त्यात बघायचंय. आणि जुन्या क्लबला आजच उत्तर कळव की शुक्रवारपर्यंत मुदत हवी. ते देतील.

तुझा काका