वडिलांची दुनळी आणि संपलेला परवाना

प्रश्न : आजोबांच्या काळातली विलायती दुनळी बंदूक वडिलांच्या परवान्यावर होती. वडिलांना जाऊन आठ महिने झाले, परवान्याची मुदतही संपली. बंदूक कपाटात आहे, सोबत काही जुनी काडतुसं. ती सुरक्षित आहे का, हे विश्वासू कारागिराकडून तपासून घ्यायचं आहे. ओळखीतले एकजण म्हणतात, “घरी येऊन साफ करतो, एक बार काढून बघू. एवढ्या जुन्या बंदुकीला परवाना लागत नाही.” काय करावं?

उत्तर : त्या गृहस्थांना आजच नाही म्हणून कळवा. बार तर कोणत्याही परिस्थितीत काढू देऊ नका.

बंदूक जुनी म्हणून परवाना नको, हा गैरसमज मी अनेक घरांत ऐकला आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मध्ये पुराण्या शस्त्रांना सूट आहे हे खरं, पण ती दुरुस्त करूनही चालणार नाहीत अशाच शस्त्रांना. तुमची दुनळी थोड्या डागडुजीने चालणार असेल, तर ती कायद्याने बंदूकच आहे. शिवाय दुरुस्ती आणि चाचणी यांनाही कलम ५ खाली परवाना लागतो. विनापरवाना केली, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं, आणि कमाल शिक्षा जन्मठेप.

आता तुमच्याबद्दल. परवानाधारक गेल्यावर बंदूक आणि काडतुसं विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागतात (कलम २१). आठ महिने हा विलंबच झाला, आणि विनापरवाना ताब्याला दोन ते पाच वर्षांची शिक्षा आहे. घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. पण आता एक दिवसही घालवू नका. आधी पोलीस ठाण्याला लेखी अर्ज द्या : वडिलांच्या मृत्यूची तारीख, परवाना क्रमांक, बंदुकीवरचा क्रमांक, काडतुसांची संख्या, उशिराचं खरं कारण. पोच घ्या. बंदूक कशी आणायची ते त्यांनाच विचारा, स्वतःहून घेऊन निघू नका. आपणहून कळवल्याची ती पोच पुढे तुमच्या फार कामी येईल. जमा केल्याची पावती हाती आली की ‘शस्त्र नियम, २०१६’ खाली वारस म्हणून परवान्यासाठी अर्ज करा. तो जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे जातो. ठेवायची नसेल, तर जमा असतानाच विकताही येते.

कारागिराचं म्हणाल, तर दुरुस्तीचाही परवाना असलेला विक्रेता शोधा. जमा करण्याची जागाही तीच ठरली, तर बंदूक पुन्हा पुन्हा हलवावी लागत नाही. त्याच्या परवान्यावर ‘दुरुस्ती’ हा शब्द स्वतः वाचा. माझ्या मते भरवशाच्या माणसाची पहिली खूण म्हणजे बंदुकीला हात लावण्याआधी तो तुमचे कागद मागतो.

दुसरी खूण त्याच्या कामात दिसते. जुन्या विलायती नळ्यांवर पुष्कळदा लाकडाच्या रेषांसारखी नागमोडी नक्षी असते. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून त्या घडवलेल्या असत. त्यातल्या बऱ्याच जुन्या, धूर करणाऱ्या काळ्या दारूसाठी होत्या. आजच्या धूरविरहित दारूचा दाब त्यांच्यासाठी धोक्याचा ठरू शकतो. जाणकार माणूस नळीखालचे चाचणीचे शिक्के भिंगाने वाचतो, नळीची जाडी आणि काडतुसाच्या घराची लांबी मोजतो. जुनी घरं पुष्कळदा अडीच इंची असतात. त्यात पावणेतीन इंची काडतूस बसल्यासारखं दिसतं, पण उडताना त्याचं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. मग तो नळ्यांची जोडी दस्त्यापासून सुटी करून टांगतो आणि लाकडाने हलकेच ठोकतो. घंटेसारखा नाद आला तर दोन्ही नळ्या जोडणाऱ्या मधल्या पट्टीचा सांधा शाबूत. बद्द आवाज आला तर तो सुटत चालला आहे. ही मापं आणि निष्कर्ष सहीनिशी लेखी मागा.

आणि त्याला एक गोष्ट बजावून सांगा : चकाकी आणण्याच्या नादात नळीवरचे शिक्के आणि क्रमांक घासले जाता कामा नयेत. ते पुसणं कलम ८ खाली वेगळा गुन्हा आहे, आणि पुसलेल्या क्रमांकाची बंदूक तुमच्याकडे सापडली तर ‘तूच पुसलास’ असं कायदा गृहीत धरतो. आज कपाट उघडाल तेव्हा त्या क्रमांकाचा स्पष्ट फोटो काढा आणि अर्जाला जोडा.