फ्रेंचमधले दोन वेगळे स्वर मला एकच का ऐकू येतात?

तुम्ही लिहिलंय की दादरला फ्रेंचच्या क्लासला जाता, ‘वर’ आणि ‘खाली’ या अर्थांचे दोन्ही शब्द तुम्हाला ‘दसू’च ऐकू येतात, मॅडमनी दहादा म्हणून दाखवलं तरी फरक कळत नाही. तर कान तपासून घ्यावा का?

त्याची गरज नाही. आवाज कानापर्यंत नीट पोचतोय, पण मेंदू तो लहानपणी तयार झालेल्या खणांपैकी सर्वात जवळच्या खणात टाकतो. मराठीत ‘ऊ’चा खण एकच. फ्रेंचचे दोन्ही स्वर त्यातच पडतात. हे खण फार लवकर ठरतात. पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली अमेरिकन आणि स्वीडिश बाळांवर प्रयोग केला, तेव्हा अवघ्या सहा महिन्यांच्या वयात आपापल्या भाषेतल्या स्वराचा प्रभाव दिसला. उलट बाजूनेही हेच घडतं: आपल्याला ‘टाक’ आणि ‘ताक’ यांत जमीन-अस्मानाचा फरक वाटतो, इंग्रजी मातृभाषेच्या माणसाला तो सहसा ऐकूच येत नाही.

फ्रेंचकडे वळण्याआधी रोजचं एक उदाहरण घेऊ, कारण घोळ नेमका कुठे होतो ते त्यात स्पष्ट दिसतं. मराठीत ह्रस्व-दीर्घ आपण लिहितो, पण बोलताना त्यावरून अर्थ ओळखत नाही. ‘फूल’चं ‘फुलाला’ होतं. उकार आखूड झाला, अर्थ तोच. ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे दोरा, उच्चार मात्र सारखाच. शेवटच्या व्यंजनाआधीचा इकार-उकार आपोआप लांबतो, म्हणूनच परळ-लालबागमध्ये गिरणीला ‘मील’ म्हटलेलं ऐकू येतं. इंग्रजीत ‘मील’ म्हणजे जेवण!

यावर शाळेत सांगतात की गिरणी या अर्थाच्या ‘मिल’मधला इकार ह्रस्व आणि जेवण या अर्थाच्या ‘मील’मधला दीर्घ, झालं. माझ्या मते या अर्ध्या सल्ल्याने सर्वात जास्त नुकसान होतं. इंग्रजीत लांबी पुढच्या व्यंजनावरही ठरते. ‘बीट’मधला ई पुढच्या ‘ट’मुळे आखडतो आणि लिलावातल्या ‘बिड’मधला इ पुढच्या ‘ड’मुळे ताणला जातो, दोन्ही जवळपास सारखे लांब होऊ शकतात. लांबी मोजत बसलात तर तिथे फसाल. खरा फरक जिभेचा आहे. ‘मिल’मध्ये जीभ ‘ई’पेक्षा थोडी खाली, ‘ए’च्या बाजूला आणि सैल असते. ‘मेल’ म्हणायला तोंड तयार करा आणि जीभ किंचित वर न्या, तो स्वर सापडेल.

आता तुमचा फ्रेंच स्वर. ‘खाली’च्या स्पेलिंगमध्ये ‘ओ-यू’ ही जोडी आहे, तो आपला ओळखीचा ऊ. ‘वर’मध्ये नुसतं ‘यू’ अक्षर आहे, तो मराठीत नाहीच. तो असा काढायचा: लांब ‘ई’ म्हणा, जिभेचं टोक खालच्या दातांना टेकलेलं ठेवा, आवाज न थांबवता फक्त ओठ शिट्टी वाजवल्यासारखे गोल करा. ओठ गोल होताच जीभ सवयीने मागे सरकते आणि पुन्हा ‘ऊ’ येतो. टोक दातांपासून सुटलं की समजा चुकलं. दुसरी चूक म्हणजे ‘यू’ म्हणणं. ‘यू’ सुरू एका आवाजात होतो आणि संपतो दुसऱ्यात, हा स्वर मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा हवा. मॅडमच्या तोंडाकडे बघून फारसं कळणार नाही, कारण ओठ दोन्ही स्वरांत गोलच असतात. जीभ आत असते, ती दिसत नाही.

पण म्हणता येण्याइतकाच ऐकण्याचा सरावही हवा. फक्त या एका स्वराचा फरक असलेल्या शब्दांच्या जोड्या जमवा, आणि त्या निदान पाच-सहा वेगवेगळ्या माणसांच्या आवाजात असू द्या, बायका आणि पुरुष दोन्ही. एकट्या मॅडमच्या आवाजावर सराव केला तर तुम्ही त्यांची पट्टी पाठ करता, स्वर नाही. वर्गाबाहेर पडलात की पुन्हा सगळं ‘दसू’. स्पेलिंग न बघता ऐका, ‘वर’ की ‘खाली’ ते ठरवा, लगेच उत्तर तपासा. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरतात. आणि वहीत देवनागरीत उच्चार लिहून घेणं आजपासून बंद करा. ‘दसू’ लिहिलंत की दोन्ही शब्द तुम्ही स्वतःच एका खणात टाकले.

आपला उच्चार तपासायला ‘प्रात’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेलं. त्यात आवाज रेकॉर्ड करून लाल ठिपक्यांची खालून दुसरी ओळ बघा. ती जीभ किती पुढे आहे ते बरंचसं सांगते. १९५२ च्या प्रसिद्ध मोजणीत अमेरिकन पुरुषांच्या ‘ई’साठी तिची सरासरी २२९० हर्ट्झ आली होती, ‘ऊ’साठी ८७०. तुमचा नवा स्वर या दोघांच्या मध्ये, ‘ई’च्या जवळ पडायला हवा. कमाल मर्यादेचं सेटिंग पुरुषाच्या आवाजाला ५००० आणि बाईच्या आवाजाला ५५०० ठेवा, नाहीतर ठिपके भलतीकडेच दिसतात.

नवा खण तयार होतो, याबद्दल शंका नको. ‘ॲ’ मूळ मराठीत नव्हता. इंग्रजी शब्दांबरोबर आला, आणि आज शिवाजी पार्कवर खेळणारं कुठलंही पोर ‘बॅट’ आणि ‘बेट’ यांत गोंधळत नाही.