शंभर जण पुरतील का? : सामाजिक संशोधनाबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एम. ए. भाग दोनच्या प्रकल्पासाठी ‘दुग्धव्यवसाय आणि महिलांचे सक्षमीकरण’ हा विषय घेतला आहे. गावातल्या १०० जणांचा नमुना पुरेल का? (विद्यार्थिनी, ता. करवीर)

उत्तर : शंभर पुरतील का, हे ‘कशाचे शंभर’ यावर अवलंबून आहे, आणि ते अजून ठरलेलं नाही. ‘सक्षमीकरण’ थेट मोजता येत नाही. आधी ते गोठ्यात आणि पासबुकात दिसेल अशा प्रश्नांत उलगडा. दुधाचं बिल कुणाच्या खात्यावर जमा होतं? पैसे काढायला कोण जातं? म्हैस विकायची ठरते तेव्हा घरातल्या बाईला विचारतात का? यालाच कार्यात्मक व्याख्या म्हणतात. त्यातून एकच मुख्य प्रश्न काढा, उदाहरणार्थ : ‘ज्या घरात दूध संस्थेचं सभासदत्व बाईच्या नावावर आहे, तिथे दुधाच्या पैशाचे निर्णय तिच्याकडे जास्त असतात का?’ आता तुलनेला दोन गट मिळाले आणि विषय आवाक्यात आला.

खरी मेख पुढे आहे. तुम्ही संस्थेत जाऊन सभासद रजिस्टर मागाल आणि त्यातली नावं उचलाल. पण रजिस्टरमध्ये नाव असलेला माणूस आणि धार काढणारी, वैरण टाकणारी, डेअरीला दूध घालायला जाणारी व्यक्ती एकच असते असं नाही. पुष्कळ घरांत खातं सासऱ्याचं आणि राबणूक सुनेची असते. म्हणून आराखड्यात स्पष्ट लिहा : अभ्यासाचं एकक घर, उत्तर देणारी व्यक्ती त्या घरात जनावरांचं काम करणारी प्रौढ स्त्री. सासू-सून दोघी काम करत असतील तर कुणाला विचारायचं, हेही आधीच ठरवा. ‘काल संध्याकाळी जिने धार काढली ती’ असा नियम चालतो. नियम नसेल तर दारात जी मोकळी भेटेल तिच्याशी बोलणं होतं. ती बहुधा सासू असते, आणि सुनेची बाजू तुमच्या आकड्यांतून पुसली जाते.

रजिस्टरबद्दल आणखी एक. त्यात दूध घालणं कधीच बंद केलेले सभासद असतात, मयत सभासदांचीही नावं राहिलेली असतात. उलट खासगी डेअरीला दूध देणारी किंवा कोल्हापुरात रतीब घालणारी घरं त्यात नसतात. तेव्हा एक तर निष्कर्ष ‘संस्थेला दूध घालणारी घरं’ एवढ्यापुरता ठेवा, नाहीतर ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदीवरून (नमुना ८) घरोघरी फिरून ‘दुभतं जनावर आहे का?’ एवढंच विचारा आणि स्वतःची यादी बनवा. दुसरा मार्ग कष्टाचा आहे, पण आम्ही तोच सुचवू.

सभासदत्वामुळे बाईच्या हाती निर्णय आले, की आधीपासून तिच्या शब्दाला किंमत होती म्हणून सभासदत्व तिच्या नावावर झालं, हे एकदाच केलेल्या पाहणीतून कळत नाही. म्हणून निष्कर्षात ‘संबंध दिसतो’ असं लिहा, ‘परिणाम झाला’ असं नको.

प्रश्न : आमच्याकडे १,२०० घरांची पक्की यादी आहे. नमुन्याचा आकडा कसा काढायचा? (कागल)

उत्तर : ९५ टक्के विश्वासपातळी (असे शंभर नमुने काढले तर साधारण ९५ मध्ये खरा आकडा चुकीच्या मर्यादेत सापडतो) आणि अधिक-उणे ५ टक्के चूक धरली तर मोठ्या समग्रासाठी (ज्यातून नमुना निवडायचा ती सगळी घरं) ३८४ हा आकडा येतो (१.९६ चा वर्ग गुणिले ०.२५, भागिले ०.०५ चा वर्ग). तुमचं समग्र १,२०० चं आहे, म्हणून ३८४ ला १ + (३८३ ÷ १,२००) ने भागा. उत्तर २९१ च्या थोडं वर येतं, ते २९२ धरा. दहापैकी एक घर भेटणार नाही असं गृहीत धरून ३२५ घरं निवडा.

एक्सेलमध्ये प्रत्येक घरापुढे रँड फंक्शनने आकडा काढा. तो स्तंभ कॉपी करून ‘पेस्ट व्हॅल्यूज’ने गोठवा, नाहीतर फाइल उघडली की आकडे बदलतात आणि निवड पुन्हा दाखवता येत नाही. मग त्या स्तंभावर सॉर्ट करून वरची ३२५ घरं घ्या. कुलूप दिसलं म्हणून शेजारच्या घरात शिरू नका. वेगवेगळ्या वेळी तीनदा जा, तरीही कुणी भेटलं नाही तर ‘भेट नाही’ अशी नोंद करा. दिवसभर कुलूप असलेली घरं मजुरीला जाणाऱ्यांची असतात. ती गळली की नमुना आपोआप बऱ्या परिस्थितीतल्या घरांकडे झुकतो.

हा सगळा हिशोब यादृच्छिक निवडीलाच, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी प्रत्येक घराला सारखी संधी देणाऱ्या निवडीलाच, लागू पडतो. ओळखीच्या ४०० घरांतून माहिती गोळा करून त्याला हे सूत्र लावणं चूक आहे. दुसरी गोष्ट, अधिक-उणे ५ टक्के ही चूक पूर्ण नमुन्याची आहे. २९२ मध्ये भूमिहीन घरं २० च असतील, तर त्यांच्याबद्दलच्या टक्केवारीतली चूक अधिक-उणे २२ च्या घरात जाते. भूमिहीनांवर स्वतंत्रपणे बोलायचं असेल तर त्यांचा वेगळा स्तर (गट) करून त्यातून जास्त घरं निवडा, आणि एकूण टक्केवारी काढताना प्रत्येक स्तराला यादीतल्या त्याच्या खऱ्या प्रमाणाइतकाच भार द्या.

प्रश्न : शिरोळ तालुक्यात पूरग्रस्तांची पाहणी केली. ‘मदत वेळेवर व पुरेशी मिळाली का?’ याला बहुतेकांनी ‘नाही’ म्हटलं. प्रश्नावलीत काही चुकलं का? (जयसिंगपूर)

उत्तर : हो. एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. मदत वेळेवर आली पण अपुरी होती, असं म्हणणारा माणूसही ‘नाही’च म्हणणार. प्रश्न तोडा : पहिली मदत किती दिवसांनी मिळाली? कुणाकडून? काय मिळालं? ‘पुरेशी’ हा शब्द गाळा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ हे दोन्ही पूर आठवणीत एकमेकांत मिसळतात, म्हणून प्रत्येकाचा वेगळा भाग करा. सुरुवात ‘त्या वेळी घरात पाणी कुठवर आलं होतं, जनावरं कुठं बांधली होती?’ इथून करा. ठिकाण आठवलं की पुढचं नीट आठवतं.

किती मागचं विचारता यानेही आकडा बदलतो. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९९९-२००० च्या ५५ व्या फेरीत खाद्यपदार्थांचा खर्च त्याच घरांना ७ दिवसांचा आणि ३० दिवसांचाही विचारला गेला. त्यामुळे आधीच्या फेऱ्यांशी तुलना करता येते का, यावर अर्थतज्ज्ञांत मोठा वाद झाला. दुधाचं बिल दहा दिवसांनी निघत असेल तर ‘मासिक उत्पन्न किती?’ विचारू नका. शेवटचं बिल पाहायला मागा, पेंडीची कपात वेगळी लिहून घ्या.

नुकसानीच्या प्रश्नांत आणखी एक धोका असतो. तलाठ्याबरोबर किंवा सरपंचांच्या गाडीतून गावात गेलात तर लोक तुम्हाला पंचनाम्याचे समजतात आणि पंचनाम्यात लिहिलेलाच आकडा सांगतात. चालत जा, ओळखपत्र दाखवा, ‘यातून मदत मिळणार नाही’ हे पहिल्याच वाक्यात सांगा आणि मग संमती घ्या. प्रश्नावली छापण्याआधी, नमुन्यात नसलेल्या गावात दहा-पंधरा घरांत ती वापरून पाहा. ज्या प्रश्नाला सगळे एकच उत्तर देतात तो काढा किंवा बदला.

प्रश्न : यंत्रमाग कामगारांचा गुगल फॉर्म व्हॉट्सॲपवर फिरवला तर चालेल? (इचलकरंजी)

उत्तर : प्रश्नांची भाषा कळते का हे तपासण्यापुरता चालेल, टक्केवारी काढायला नाही. फॉर्म किती जणांपर्यंत पोहोचला हेच कळत नाही, मग न भरणाऱ्यांचं प्रमाण कसं काढणार? रात्रपाळीचे आणि परप्रांतीय कामगार त्यातून आधी गळतात. कारखान्यांची यादी करा, त्यातून चिठ्ठ्या टाकून कारखाने निवडा, प्रत्येक ठिकाणी दोन्ही पाळ्यांतले कामगार घ्या. पाळी बदलताना गेटबाहेर बोला. मालक किंवा जॉबर (कामगारांवर देखरेख ठेवणारा मुकादम) शेजारी उभा असताना मजुरीचा प्रश्न विचारू नका. एका कारखान्यातले कामगार एकमेकांसारखे असतात, म्हणून चार कारखान्यांतून पन्नास-पन्नास घेण्यापेक्षा वीस कारखान्यांतून दहा-दहा घ्या.